खांद्याला न टोचणारी बॅग

मावळात लोक धबधबे बघायला जातात, गड चढायला जातात, काहीजण तर नुसती भजी खाऊन परत येतात. मी गेले ते एका बॅगेची परीक्षा घ्यायला. हसू नका. माझ्या जागी असता तर तुम्हीही गेला असता.

मी मिरजेत लग्नांचे फोटो काढते. तीस वर्षं होत आली. हळदीच्या खोलीत, चुडा भरताना, नवरीला साडी नेसवताना पुरुष फोटोग्राफर आत नको असतो, म्हणून माझं चालतं, आणि बरं चालतं. दोन कॅमेरे, जाडजूड लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळं लटांबर इतकी वर्षं मी उजव्या खांद्यावर वागवलं. गेल्या उन्हाळ्यात त्या खांद्याने बंड केलं. आधी दुखणं, मग हाताला मुंग्या, मग सकाळी चहाचा कपच हातातून सटकला. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे, ओझं उचलणं बंद. मी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच स्वतःची समजूत घातली की दोष बॅगेचा आहे. बॅग बदलली की झालं.

तेव्हापासून मी बॅगाच विकत घेत सुटले. पाठीवरची घेतली, तिने कंबर धरली. कमरेची घेतली, तर वाकलं की लेन्स नवरीच्या डोक्यात. चाकांची घेतली, पण मंगल कार्यालयाला पायऱ्या असतात आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग असतो, हे ती बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी मोबाइलवरून एक तिरकी मागवली, छातीवरून आडवा पट्टा जाणारी. दिवाळी नुकतीच झाली होती. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. तारखा विचारणाऱ्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की परत आले की कळवते. म्हणजे ही हवापालट नव्हती. सुखाची बॅग मिळाली तर स्टुडिओ चालू, नाही तर शटर खाली, इतकं ते सरळ होतं.

तळेगाव दाभाडे

माझी शाळेतली मैत्रीण सुलभा तळेगावात राहते. नवरा इथल्या कारखान्यात होता, आता निवृत्त. दोघांचा फ्लॅट एका नव्या सोसायटीत आहे. मी फाटकातून आत शिरते न शिरते तोच वॉचमनने अडवलं. पार्सलवाल्यांनी मागच्या लिफ्टने जायचं म्हणाला. छातीवर आडवा पट्टा, पाठीवर काळं गाठोडं, त्याची तरी काय चूक? पण माझी तार सटकलीच. शेवटी सुलभाला खाली यावं लागलं. ती हसून हसून लोटपोट झाली आणि मी मात्र लिफ्टमध्ये खांदा चोळत उभी होते, कारण मिरजेपासून तळेगावपर्यंतच्या प्रवासात त्या तिरक्या पट्ट्याने मानेचा पार भुगा केला होता.

सुलभाच्या गॅलरीत उभं राहिलं की एका बाजूला डोंगर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेल्या इमारती. चहा पिताना तिने विचारलं, हाताचं काय म्हणतेस. मी सांगितलं, हाताला काही झालेलं नाही, बॅगेचा प्रश्न आहे. तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला. ही बाई शाळेतही अशीच होती. मला पटणार नसेल तर ती बोलायचीच नाही.

आंदर मावळ

सुलभा दरवर्षी आंदर मावळातल्या एका घरून इंद्रायणी तांदूळ घेते. त्या घरच्या पारूमावशींनी खळ्यावर यायचं आमंत्रण दिलं होतं. भातकापणी संपत आली होती, झोडणी सुरू होती. तिकडे जाणाऱ्या एसटी मोजक्याच. आमची गाडी आम्हाला एका फाट्यावर सोडून पुढे गेली, आणि तिथून वाडीपर्यंत चालत जायचं होतं. मला तेच हवं होतं. बॅग अंगावर, समोर चढउताराची वाट, म्हणजे हव्या तशा परीक्षेला मी तयारच होते.

पण फाट्यावर पारूमावशी स्वतः उभ्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, सुपारीएवढ्या, पाठीचा कणा मात्र ताठ. भाताचे भारे वाहता वाहता तशाच आल्या होत्या, हातात चुंबळ, म्हणजे डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची वळी. रामराम झाला आणि त्यांनी सरळ माझ्या पट्ट्याला हात घातला.

"आना हिकडं. पाव्हनीच्या खांद्याला वझं दिसलं तर गाव मला काय म्हनंल?"

मी मागे सरले. आत काच आहे, जपून न्यावी लागते, मलाच नेऊ द्या, असं सगळं सांगून पाहिलं. मावशींनी ऐकून घेतलं आणि बॅग काढून घेतली.

"मंग मी काय शेणाची पाटी समजून न्हेती व्हय?" म्हणाल्या, आणि चुंबळीवर बॅग ठेवून चालायलाही लागल्या.

सुलभाने मला कोपराने ढोसलं आणि हळूच सांगितलं. इथे पाहुण्याच्या अंगावरचं ओझं वेशीच्या बाहेरच उतरवून घ्यायचं असतं, तिलाही पहिल्यांदा हाच अनुभव आला होता. नको म्हटलं की घरच्या बाईचा अपमान होतो. आमच्याकडे सगळं उलटं. मंगल कार्यालयात माझ्या बॅगेवर लोक ओल्या छत्र्या वाळत घालतात, आणि जेवायला या म्हणायची आठवण कोणाला झालीच तर मठ्ठा संपलेला असतो. माझं ओझं दुसऱ्या कोणी घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

तर मी मोकळी चालत होते. खरं सांगते, डोळे भरून आले. कापलेल्या भाताचा कोरडा, गोडसर वास, वाटेच्या दोन्ही अंगांना पिवळी खाचरं, पलीकडे धरणाचं पाणी आणि त्यामागे डोंगरांच्या रांगा. किती वर्षांत मी हात हलवत चालले नव्हते. पुढे मावशींच्या डोक्यावर माझी बॅग डुलतसुद्धा नव्हती. मला मात्र एकीकडे चुटपुट लागली होती की परीक्षेचा दिवस फुकट चालला.

खळ्यावर तीन-चार बाया आणि मावशींचा थोरला मुलगा भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होते. आपटलं की दाणे उसळायचे आणि उन्हात क्षणभर हवेत थांबल्यासारखे दिसायचे. असा फोटो समोर असेल तर मला तहानभूक राहत नाही. मी कॅमेरा काढला आणि सुरू झाले. बाया हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, पदर सारखे करत होत्या. मला कसलीही वस्तू उचलू देत नव्हत्या. बसायला पोतं मी जरा ओढलं तर तेही हातातून काढून घेतलं.

जेवायला तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी आणि सुकटीची चटणी. आम्ही ज्वारीवर वाढलेली माणसं, तांदळाच्या भाकरीला भाकरी म्हणायला जीभ वळत नाही. पण ती तव्यावरून उतरताना जो वास सुटला, त्यावर मी माझा सगळा अभिमान गिळून तीन खाल्ल्या. वर नव्या तांदळाचा चिकट भात. मावशी वाढत होत्या आणि मी नको म्हटलं की ऐकू येत नसल्यासारखं करत होत्या.

जेवण झाल्यावर त्या आत गेल्या आणि ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या. म्हणाल्या, माझा एक फोटो काढा. बाहेर उन्हात नको, आत, देवांसमोर.

"भितीला लावाया एक पायजे बगा. मी गेल्याव पोरं त्यो आधार कारडाचा लावतील. त्यात मी चोर दिसती."

सगळे हसले. मीही हसले. पण त्या हसत नव्हत्या. नीट, गुडघ्यांवर हात ठेवून, देव्हाऱ्यापाशी बसल्या होत्या. घरात उजेड कमी होता, कौलांमधून येईल तेवढाच. असल्या उजेडात काम करायचं तर हात दगडासारखा स्थिर लागतो, आणि तो तसा आहे म्हणून तर लोक मला बोलावतात. फ्लॅश लावला असता तर देव्हाऱ्यातल्या समईचा उजेड मेला असता. मी श्वास रोखला आणि काढले, दहा-बारा तरी काढले असतील. सुलभानेही मागून आपल्या मोबाइलवर एक काढला. मी तिला म्हटलंसुद्धा, तू कशाला कडमडतेस मध्ये.

परतताना मावशींनी बॅग पुन्हा फाट्यापर्यंत आणून दिली.

पुन्हा तळेगाव

संध्याकाळी सुलभाच्या जेवणाच्या टेबलावर फोटो बघायला बसले आणि एकेक मोठा करून बघत गेले.

खळ्यावरचे फोटो स्वच्छ होते, उन्हात होते, पण सगळे एक क्षण उशिरा. दाणे खाली पडून गेलेले. हात आपटून झालेले. हसून झालेलं, तोंडं मिटलेली. इतक्या वर्षांत लग्नात माझी अक्षता कधी चुकली नाही, नवरीच्या डोळ्यातला थेंब गालावर उतरायच्या आत मी धरलेला आहे. आणि इथे पन्नास-साठ फोटोंत एकही क्षण हाताला लागला नव्हता. घरातले तर त्याहून वाईट. मावशींचा चेहरा पाण्यात बघावा तसा हललेला. एकूण एक.

सुलभाने हळूच तिचा मोबाइल पुढे केला. तिच्या फोटोत मावशींचा एक कान कापला गेला होता आणि कोपऱ्यात माझं ढोपर आलं होतं. पण मावशी मावशी दिसत होत्या. स्पष्ट, ताठ, जराशा घाबरलेल्या. ढोपर काढून टाकून तो फोटो तिने त्यांच्या मुलाला पाठवला. मी नको म्हणाले नाही. भिंतीवर तोच लागणार.

मी तावातावाने कारणं देऊ लागले. आदल्या दिवशी त्या मेल्या तिरक्या पट्ट्याने खांदा आखडला, त्याचा हा परिणाम. पट्टा वाईट. बॅगच बदलायला हवी. सुलभा म्हणाली, बरं, उद्या लोणावळ्याला जाऊ, तिथे गिर्यारोहणाच्या सामानाचं एक दुकान आहे. तिच्या आवाजात जी माया होती तिचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

लोणावळा

लोणावळ्याच्या बाजारात माणसांपेक्षा चिक्की जास्त. रस्ताभर गुळाचा आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास, आणि प्रत्येक दुकानदार हातावर तुकडा ठेवणारच. आम्ही ते तुकडे चघळतच रफीकभाईंच्या दुकानात शिरलो. पन्नाशीचे गृहस्थ, डोळ्यांवर चष्मा, आणि बोलणं असं की बॅग विकत नसून मुलगी दाखवत आहेत.

रिकामी बॅग पाठीवर घालून काही कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. माझं खरं सामान मी आम्ही रात्रीसाठी घेतलेल्या लॉजवर ठेवलं होतं. मग त्यांनी शेजारच्या दुकानातून चिक्कीचे पुडे मागवले आणि एकेका बॅगेत भरून माझ्या पाठीवर चढवायला सुरुवात केली. पाठीवर पाच-सहा किलो चिक्की घेऊन मी भर बाजारात फेऱ्या मारत होते. एका पर्यटकाने मला थांबवून काजूची कशी दिली असं विचारलं. सुलभा दुकानाच्या पायरीवर बसून डोळे पुसत होती, हसून.

चौथी का पाचवी बॅग पाठीवर चढली आणि मी जागीच थांबले. काही टोचत नव्हतं. पट्टे रुंद, मऊ, आणि कमरेला जाड पट्टा, सगळा भार कुल्ल्यांवर उतरलेला. खांद्यावर काही आहे हे कळतसुद्धा नव्हतं. मी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मला नाचावंसं वाटलं. कोणाला कॅमेऱ्यासाठी बॅग हवी असेल तर मी आजही सांगेन, कमरेला पट्टा असलेलीच घ्या, आणि भरून, चालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

कमरेचा पट्टा सोडवायला दोन बोटांनी क्लिप दाबावी लागते. मी दाबली. सुटेना. पुन्हा दाबली. आंगठा घसरत होता आणि शेजारच्या बोटात जोरच नव्हता. रफीकभाईंनी वाट बघितली, मग हात पुढे करून एका टिचकीत ती सोडवली. नवी असते तेव्हा कडक असते, ते म्हणाले. मी म्हटलं, हो, कडकच आहे. सुलभा हसायची थांबली होती.

कुरवंडे

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बॅगेत सगळं सामान भरून रिक्षाने कुरवंड्याला गेलो. तिथून वाट नागफणीच्या सुळक्याकडे जाते, बाहेरगावचे लोक ज्याला ड्यूक्स नोज म्हणतात तो. गावात एका आबांच्या टपरीवर चहा घेतला. आबांनी बॅगेकडे बघून विचारलं, येवढं घेऊन कशाला चढता, हितं ठेवून जा, कुनी हात लावायचा न्हाई. मी म्हटलं, आबा, हिच्यासाठीच तर चढायचं आहे. त्यांनी सुलभाकडे बघितलं. सुलभाने नुसते खांदे उडवले.

चढ फार नाही, पण आमच्या वयाला पुरेसा. गवत सुकून सोनेरी झालं होतं, वारा उलटसुलट घुमत होता. मी थांबत थांबत चढले आणि दर थांब्याला खांद्याला विचारत होते, दुखतंय का? नाही. मानेला? नाही. कंबर? ठीक. अर्ध्या वाटेवर तर मी मनातल्या मनात तारखा लावायलाही लागले, पहिलं लग्न कोणाचं धरायचं, दोन हळदी एकाच दिवशी आल्या तर काय करायचं. गेले सहा महिने रडकुंडीला आलेली मी त्या चढावर गुणगुणत होते, याला सुलभासुद्धा साक्षीला आहे.

माथ्यावर पोचलो. पुढे जमीन संपते आणि एकदम खाली कोकण. दरीतून वर येणाऱ्या वाऱ्यावर एक छोटा ससाणा जागच्या जागी पंख फडफडवत तरंगत होता, आमच्या डोळ्यांच्या पातळीवर, हाकेच्या अंतरावर. असा पक्षी इतका जवळ, असा समोर रोज उभा राहत नाही. मी क्लिप डाव्या हाताने काढली, बॅग उतरवली, कॅमेरा बाहेर घेतला आणि डोळ्याला लावला.

बोट बटणावर होतं. मी त्याला दाब म्हणाले. ते दबलं नाही. दुखलं नाही, कळ आली नाही, मुंग्याही नव्हत्या. नुसतं ऐकलं नाही, जणू दुसऱ्याच कोणाचं बोट होतं. कॅमेरा हळूहळू खाली झुकत चालला. मी डावा हात वर आणला आणि त्याने उजवं बोट दाबलं. खट्ट झालं. तोवर आकाश रिकामं होतं.

मी खडकावर बसले. सुलभा जवळ येऊन बसली. मग दरीकडे बघत बोलली.

"परवा मावशींकडे बॅग तुझ्या खांद्यावर नव्हतीच ना गं. सगळा दिवस नव्हती."

मला ते ठाऊक होतं. फाट्यापासून वाडीपर्यंत मी हात हलवत गेले होते, दिवसभर त्या बायांनी मला पोतंसुद्धा उचलू दिलं नव्हतं. माझा खांदा इतका मोकळा गेल्या कित्येक वर्षांत नव्हता, आणि त्याच दिवशी मावशींचा चेहरा हलला. ओझ्याचा संबंध केव्हाच संपला होता. जगातली सगळ्यात सुखाची बॅग माझ्या पायाशी पडली होती आणि तिच्यात ठेवायला आता माझ्याकडे काम नव्हतं. मी रडले. हुंदके देऊन, लाज न बाळगता रडले. वाऱ्यामुळे निदान आवाज कोणाला गेला नसेल. सुलभा माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन बोटं एकेक करून चोळत होती, आणि त्यातल्या दोन बोटांना तिचा हात लागतोय हे मला बघूनच कळत होतं.

डॉक्टरांना पुन्हा दाखवू, ती म्हणाली, ऑपरेशन असतं, व्यायाम असतात. मी मान डोलावली. डॉक्टरांनी तेही उन्हाळ्यातच सांगितलं होतं, आणि मी तेव्हा बॅगा बघत होते.

तेवढ्यात पिंपरीकडचं एक कुटुंब वर आलं. नवरा, बायको, सासूबाई आणि कडेवर एक टोपीवालं बाळ. सासूबाई पहिल्यांदाच एवढं चढल्या म्हणून सगळे खुशीत होते. नवऱ्याने माझी बॅग पाहिली, मांडीवरचा कॅमेरा पाहिला, आणि त्याचा चेहरा खुलला. त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, आमचा सगळ्यांचा एक काढता का? तुमच्या हातचा भारी येईल."

मोबाइलला काय, डाव्या हातानेही टिचकी मारता आली असती. पण माझा हात वर झाला नाही.

"मला नाही येत हो फोटो काढता," मी म्हणाले.

तो कॅमेऱ्याकडे बघतच राहिला. सुलभा उठली, पदर खोचला आणि त्याच्या हातातून मोबाइल घेतला. सासूबाईंना मध्ये घ्या, म्हणाली, बाळाची टोपी जरा वर करा. मी मागे त्यांच्या फोटोत येत होते, म्हणून बॅग उचलून बाजूला सरकले.